घरचे हवामान, हौशी रेडिओचे जाळे

घराच्या गच्चीवर किंवा परसात बसवलेली स्वयंचलित उपकरणे तापमान, आर्द्रता, हवेचा दाब, वारा आणि पाऊस यांचे आकडे टिपत असतात. हे आकडे ठरावीक वेळाने छोट्या रेडिओसंदेशांत बांधून हवेत सोडायचे आणि तेथून हवामानशास्त्रज्ञांच्या संगणकांपर्यंत पोहोचवायचे, हा हौशी रेडिओचा, म्हणजेच हॅम रेडिओचा, एक रूढ उपयोग आहे. त्याची घडी अमेरिकेत बसली आणि आज तो जगभर पसरला आहे. त्यामागे दोन यंत्रणा आहेत. पहिली एपीआरएस, म्हणजे छोट्या अंकीय संदेशांची स्वयंचलित देवाणघेवाण करणारी रेडिओ प्रणाली. दुसरी सीडब्ल्यूओपी, म्हणजे नागरिक हवामान निरीक्षकांचा कार्यक्रम. पहिलीने आकड्यांना वाट करून दिली, तर दुसरीने त्यांची पारख करण्याची सोय लावली.

दाट नोंदींची गरज

हवामानाची सरकारी केंद्रे अचूक असतात, पण त्यांची संख्या मोजकीच असते. प्रमाणित उपकरणे, मोकळी जागा आणि प्रशिक्षित माणसे एवढे सगळे गावोगावी उभे करणे खर्चाचे असते. त्यामुळे दोन केंद्रांमध्ये अनेकदा पन्नास-शंभर किलोमीटरचे अंतर राहते. वादळी ढगाचा विस्तार मात्र पाच-दहा किलोमीटरच असू शकतो. असा ढग दोन केंद्रांच्या मधल्या भागात कोसळला तर त्याची नोंद कुठेच होत नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचे आहे. २७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझ येथील वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला. या दोन वेधशाळांमधले अंतर वीस-पंचवीस किलोमीटर आहे. शहरात फक्त कुलाब्याचे केंद्र असते, तर तो दिवस कागदावर साधा पावसाळी दिवस ठरला असता. या महापुरानंतर मुंबई महापालिकेने शहरभर स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली. अमेरिकेत हेच काम काही प्रमाणात घरोघरच्या केंद्रांनी केले आहे.

घरचे केंद्र

घरगुती हवामान केंद्राचे दोन भाग असतात. बाहेरच्या भागात संवेदक, म्हणजे मोजणारी उपकरणे असतात. घरातल्या भागात आकडे दाखवणारा पडदा आणि संगणकाला जोडण्याची सोय असते. दोन्ही भाग बहुधा बिनतारी पद्धतीने जोडलेले असतात. डेव्हिस कंपनीचे व्हँटेज प्रो-२ हे हौशी निरीक्षकांमध्ये प्रसिद्ध असलेले केंद्र वाऱ्याचा आकडा दर अडीच सेकंदांनी घरात पाठवते. पीट ब्रदर्स कंपनीची अल्टिमीटर ही केंद्रे तर सुरुवातीपासूनच हौशी रेडिओवाल्यांच्या आवडीची होती.

तापमान आणि आर्द्रतेचे संवेदक पांढऱ्या झापांच्या आवरणात बसवतात. त्यामुळे हवा आत खेळते आणि ऊन थेट लागत नाही. वेधशाळेतल्या स्टीव्हन्सन पेटीचीच ही लहान आवृत्ती म्हणता येईल. वाऱ्याचा वेग फिरत्या वाट्यांवरून कळतो आणि दिशा वातकुक्कुटावरून. पाऊस मोजण्यासाठी नरसाळ्याखाली सीसॉसारखी डोलणारी दोन लहान खोबणी असतात. एक खोबण भरली की ती कलंडते, दुसरी वर येते, आणि प्रत्येक कलंडण्याची एकेक खूण मोजली जाते. मेट्रिक बनावटीच्या उपकरणांत एक खूण बहुधा ०.२ मिलिमीटर पावसाची असते. दाबाचा संवेदक सहसा घरातल्या भागात असतो, कारण घराच्या आत आणि बाहेर हवेचा दाब व्यवहारात सारखाच असतो.

शब्दांऐवजी संदेशांचा रेडिओ

मोजलेला आकडा रेडिओवरून पाठवायचा, तर तो अंकीय रूपात पाठवणे सोयीचे. मजकुराचे छोटे तुकडे करून, प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता घालून ते एकाच वाहिनीवरून पाळीपाळीने पाठवण्याच्या पद्धतीला पॅकेट रेडिओ म्हणतात. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये बेटांवरचे संगणक रेडिओने जोडण्यासाठी अलोहा नावाचे जाळे सुरू केले. या पद्धतीची मूळ कल्पना तेथे सिद्ध झाली. १९७८ मध्ये कॅनडातील माँट्रियलच्या हौशी रेडिओवाल्यांनी ती आपल्या वाहिन्यांवर आणली आणि १९८० मध्ये अमेरिकेतही तिला परवानगी मिळाली. पुढे हौशी पॅकेट रेडिओसाठी एएक्स.२५ नावाची नियमावली रूढ झाली. रेडिओवरचा एपीआरएस संदेश आजही बहुधा याच नियमावलीत बांधलेला असतो.

एपीआरएसचे जनक बॉब ब्रुनिंगा हे ॲनापोलिस येथील अमेरिकी नौदल अकादमीत काम करणारे अभियंता होते. १९८२ च्या सुमारास त्यांनी ॲपल-२ या संगणकावर नौदलाच्या संदेशांतली स्थाने नकाशावर मांडणारी एक आज्ञावली लिहिली. १९८४ मध्ये १०० मैलांच्या एका घोडेशर्यतीत घोडे कुठवर पोहोचले हे कळवण्यासाठी त्यांनी तशीच आज्ञावली व्हिक-२० या स्वस्त घरगुती संगणकावर चालवली. त्यातून वाढत गेलेली प्रणाली १९९२ मध्ये एपीआरएस या नावाने जाहीर झाली. ब्रुनिंगा यांचे रेडिओ ओळखचिन्ह डब्ल्यूबी४एपीआर असे होते, म्हणजे प्रणालीच्या नावातली पहिली तीन अक्षरे त्यांच्या ओळखचिन्हातही होती. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

ब्रुनिंगा यांची खरी कल्पकता वेगळ्याच गोष्टीत होती. आधीच्या पॅकेट रेडिओत दोन केंद्रे एकमेकांशी जोडली जात, प्रत्येक तुकड्याची पोच दिली जाई आणि पोच आली नाही तर तुकडा पुन्हा पाठवला जाई. हा व्यवहार नोंदणीकृत टपालासारखा होता. एपीआरएसने दवंडीची रीत धरली. केंद्र आपला संदेश सगळ्यांसाठी हवेत सोडते. ज्याला ऐकू येईल त्याने घ्यावा, पोच कोणी मागत नाही. एखादा संदेश हरवला तरी थोड्या वेळाने नवा येणारच असतो, आणि नवा आल्यावर जुन्याची किंमत उरत नाही. हवामानाच्या नोंदींना ही रीत नेमकी मानवते. दुपारी दोन वाजताचे तापमान अडीच वाजता पुन्हा पाठवण्यात काही हशील नसते.

संदेशाचा प्रवास

एपीआरएससाठी प्रत्येक प्रदेशात एक ठरलेली वारंवारता असते. उत्तर अमेरिकेत ती १४४.३९० मेगाहर्ट्झ आहे, तर युरोपात १४४.८०० मेगाहर्ट्झ. दोन्ही हौशी रेडिओच्या दोन मीटर पट्ट्यात येतात. सगळे एकाच वाहिनीवर असल्यामुळे प्रवासात असलेल्या माणसालाही कोणती वारंवारता लावायची हे विचारावे लागत नाही.

हवामान केंद्रातून आलेला आकडा संगणक किंवा छोटे यंत्र ठरलेल्या साच्यात बसवते. मग मोडेम त्या संदेशाचे आवाजात रूपांतर करतो. सेकंदाला १,२०० बिट या वेगाने १,२०० आणि २,२०० हर्ट्झ असे दोन सूर आलटून पालटून वाजतात, आणि साधा बोलण्याचा रेडिओसंच तो आवाज प्रसारित करतो. ऐकणाऱ्याला ती जेमतेम एका सेकंदाची चिरचिर वाटते. पूर्वी यासाठी वेगळी मोडेमची पेटी लागे. आता डायरवुल्फसारखी मोफत आज्ञावली आणि रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक तेच काम करतात.

दोन मीटर पट्ट्यातल्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. घरच्या छोट्या अँटेनातून निघालेला संदेश टेकडीपलीकडे पोहोचेलच असे नाही. म्हणून डोंगरमाथ्यावर किंवा उंच इमारतीवर डिजिपीटर बसवतात. डिजिपीटर आलेला संदेश ऐकतो आणि तोच पुन्हा प्रसारित करतो. संदेश अनंत काळ घुमत राहू नये म्हणून त्यात उड्यांची संख्या लिहिलेली असते. प्रत्येक डिजिपीटर ती एकने कमी करतो, आणि शून्य झाली की पुढचा कोणी तो उचलत नाही. नुकताच पाठवलेला संदेश दुसऱ्या वाटेने परत आला, तर तोही गाळला जातो. स्थिर हवामान केंद्राला एक किंवा फार तर दोन उड्या पुरतात, कारण तिसऱ्या डोंगरापलीकडच्या माणसाला या गावच्या वाऱ्याशी फारसे देणेघेणे नसते.

प्रवासाचा पुढचा टप्पा आयगेट. हा रेडिओवरचा संदेश ऐकून इंटरनेटवर टाकणारा दुवा आहे. जगभरचे आयगेट मिळून एपीआरएसचे इंटरनेट जाळे बनते. आयगेटने उचललेला संदेश काही सेकंदांत कुठल्याही देशात वाचता येतो. फिनलंडमधल्या एका हौशी रेडिओवाल्याने उभारलेले एपीआरएस डॉट एफआय हे संकेतस्थळ असे संदेश नकाशावर मांडते आणि हवामान केंद्रांचे आलेखही दाखवते.

साचा आणि त्याच्या मर्यादा

हवामानाचा संदेश शंभरेक अक्षरांचा असतो. सुरुवातीला पाठवणाऱ्याचे ओळखचिन्ह येते. त्यापुढे उपक्रमांक जोडतात, आणि हवामान केंद्रासाठी १३ हा उपक्रमांक सुचवलेला आहे. नंतर वेळ, अक्षांश-रेखांश आणि हवामान केंद्राची खूण म्हणून अधोरेखेचे चिन्ह येते. त्यापुढे प्रत्यक्ष आकडे असतात. मूळ साचा रोमन लिपीत आहे. देवनागरीत लिहिल्यास पावसाळ्यातल्या एखाद्या कोकणी गावाचा काल्पनिक संदेश असा दिसेल: २७०/०१२जी०२०टी०८१आर०१२पी१५०एच९४बी१००२३.

पहिले तीन अंक वाऱ्याच्या दिशेचे. २७० अंश म्हणजे वारा पश्चिमेकडून येतो आहे. ०१२ हा सरासरी वेग, ताशी १२ मैल म्हणजे सुमारे १९ किलोमीटर. जी हे झोताचे अक्षर आहे, आणि गेल्या पाच मिनिटांतला सर्वांत जोराचा झोत ताशी २० मैलांचा आहे. टी म्हणजे तापमान, ८१ अंश फॅरनहाइट किंवा साधारण २७ अंश सेल्सियस. आर हा गेल्या तासाचा पाऊस आणि पी हा गेल्या २४ तासांचा. दोन्ही इंचाच्या शंभराव्या भागात दिले जातात. त्यामुळे ०१२ म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर आणि १५० म्हणजे ३८ मिलिमीटर. एच म्हणजे आर्द्रता, ९४ टक्के. बी म्हणजे हवेचा दाब, हेक्टोपास्कलच्या दहाव्या भागात. १००२३ म्हणजे १००२.३ हेक्टोपास्कल. वरचा पी लहान रोमन अक्षरातला आहे; मोठ्या अक्षरातला पी मध्यरात्रीपासूनचा पाऊस सांगतो, आणि एल हे अक्षर सूर्यप्रकाशाची तीव्रता सांगते.

साचा अमेरिकेत तयार झाल्याचे त्याच्या एककांवरून लगेच कळते. काटकसरही जागोजाग दिसते. आर्द्रतेला दोनच अंक दिल्यामुळे १०० टक्के लिहायचे तर ०० लिहावे लागते. पावसाला तीन अंक आहेत, म्हणून साच्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ९.९९ इंच, म्हणजे सुमारे २५४ मिलिमीटर. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत एका दिवसात एवढा पाऊस क्वचितच पडतो. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मात्र जुलैमध्ये ही मर्यादा ओलांडली जाते. सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर म्हणजे ३७ इंचांहून अधिक, ते या तीन अंकांत बसवताच आले नसते.

वेळेचा मुद्दाही ध्यानात ठेवावा लागतो. संदेशातली वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते, आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. भारतीय हवामान विभाग दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजतो. साडेआठ म्हणजे जागतिक वेळेचे बरोबर तीन. मध्यरात्रीपासून मोजलेला घरचा पाऊस आणि वर्तमानपत्रात छापून आलेला पाऊस जुळत नाही, याचे कारण अनेकदा उपकरणात नसते, मोजणीच्या दिवसात असते.

नागरिक निरीक्षकांचा कार्यक्रम

एपीआरएसवर हवामानाचे संदेश १९९० च्या दशकापासूनच येत होते, पण ते मुख्यतः हौशी मंडळीच पाहत. अमेरिकेतील एक हौशी रेडिओवाले स्टीव्ह डिम्से यांनी इंटरनेटवर आलेले एपीआरएस संदेश साठवून ठेवणारी फाइंडयू ही सेवा सुरू केली. त्यामुळे हजारो केंद्रांच्या नोंदी एका जागी मिळू लागल्या. २००० च्या अखेरीस या नोंदी अमेरिकेच्या राष्ट्रीय महासागर व वातावरण प्रशासनाकडे, म्हणजे नोआकडे, देण्याचा उपक्रम आकाराला आला. त्यातूनच नागरिक हवामान निरीक्षक कार्यक्रम उभा राहिला.

या नोंदी मॅडिस नावाच्या यंत्रणेत जमा होतात. कोलोरॅडोतल्या बोल्डर येथील नोआच्या प्रयोगशाळेत ती विकसित झाली. सरकारी केंद्रे, महामार्गांवरची केंद्रे, विमाने, समुद्रातले तरंगते बोये अशा नाना स्रोतांची निरीक्षणे ती एका साच्यात आणते, तपासते आणि अंदाज वर्तवणाऱ्यांना व संशोधकांना पुरवते.

कार्यक्रम सुरू झाल्यावर रेडिओ परवाना नसलेल्यांनाही त्यात यावेसे वाटू लागले. त्यांच्यासाठी वेगळी वाट काढण्यात आली. परवानाधारक आपले ओळखचिन्ह वापरतो. इतरांना सीडब्ल्यू, डीडब्ल्यू यांसारख्या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळतो, आणि ते आपल्या नोंदी थेट इंटरनेटवरून पाठवतात. संदेशाचा साचा मात्र तोच राहतो. अशा संदेशांवर परवाना पडताळलेला नसल्याची खूण असते, त्यामुळे ते उलट दिशेने रेडिओवर सोडले जात नाहीत. हौशी वाहिनीवर परवानाधारकाचाच संदेश जावा हा नियम त्यामुळे पाळला जातो.

शेजाऱ्यांकडून पडताळणी

घरच्या केंद्राच्या नोंदीवर शास्त्रज्ञांनी विश्वास का ठेवावा, हा या विषयाचा गाभा. उपकरण स्वस्त आहे, ते कुठे बसवले आहे कोणी पाहिलेले नाही, आणि निरीक्षक प्रशिक्षित नाही. मॅडिसचे उत्तर असे की विश्वास आधी ठेवायचाच नाही. प्रत्येक आकडा तपासायचा आणि त्याच्यावर शेरा मारून पुढे पाठवायचा.

पहिली तपासणी शक्याशक्यतेची असते. पृथ्वीवर घडूच न शकणारे तापमान तेथेच गळते. दुसरी तपासणी आकड्यांच्या आपसातल्या मेळाची असते. दवबिंदू हवेच्या तापमानापेक्षा जास्त असूच शकत नाही, तसा तो दिसला तर दोनपैकी एक उपकरण चुकते आहे. तिसरी काळाची. एका तासात दाब अशक्य इतका बदलला तर तो आकडा संशयित ठरतो. चौथी आणि सर्वांत कडक तपासणी शेजाऱ्यांची. आसपासच्या केंद्रांच्या नोंदींवरून या ठिकाणी किती आकडा असायला हवा याचा अंदाज बांधतात आणि प्रत्यक्ष नोंद त्याच्याशी ताडून पाहतात. फरक मोठा आला तर लगेच या केंद्राला दोषी धरत नाहीत. एकेका शेजाऱ्याला वगळून गणित पुन्हा करतात. एखाद्या शेजाऱ्याला वगळताच बाकीच्यांशी मेळ बसला, तर चूक त्या शेजाऱ्याची ठरते.

तपासणीत नापास झालेला आकडा फेकून दिला जात नाही, त्याच्यावर खूण केली जाते. निरीक्षकाला आपल्या केंद्राचे आलेख पाहता येतात. त्यांत आपली नोंद आणि शेजाऱ्यांवरून काढलेला अंदाज शेजारीशेजारी असतात. रोज दुपारीच तापमान तीन अंशांनी वर जात असेल तर उपकरणावर ऊन येते आहे हे उघड होते. दाबाची रेषा दिवसरात्र सारख्याच अंतराने खाली असेल तर बहुधा उंचीचा आकडा चुकीचा भरला आहे. या आलेखांमुळे हौशी माणूस निरीक्षक म्हणून तयार होत गेला.

जागा, उंची आणि निगा

केंद्राचा दर्जा उपकरणाच्या किमतीपेक्षा त्याच्या जागेवर जास्त अवलंबून असतो. जागतिक हवामान संघटनेच्या संकेतानुसार तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, शक्यतो गवताळ जागेवर मोजायचे असते. वारा मोकळ्या मैदानात १० मीटर उंचीवर मोजायचा, आणि जवळचा अडथळा त्याच्या उंचीच्या किमान दहापट दूर हवा. पर्जन्यमापक आणि भिंत किंवा झाड यांच्यातले अंतर त्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट असावे. शहरातल्या घरी हे सगळे एकाच जागी साधत नाही. म्हणून जाणकार निरीक्षक तापमानाचा संवेदक परसात लावतात आणि वाऱ्याचा खांबावर चढवतात. सिमेंटची गच्ची तापमानासाठी वाईट जागा. दिवसभर तापलेली लादी सूर्यास्तानंतरही तास दोन तास उष्णता सोडत राहते. वातानुकूलन यंत्राच्या मागची गरम हवा तर नोंद पार बिघडवते.

दाबाचा मुद्दा जरा सूक्ष्म आहे. जमिनीलगत साधारण दर ८ मीटर उंचीला दाब १ हेक्टोपास्कलने कमी होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या पुण्यात प्रत्यक्ष दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल असतो. तोच आकडा पाठवला तर नकाशावर पुण्याशेजारी भयानक चक्रीवादळ दिसेल. म्हणून दाब समुद्रसपाटीच्या पातळीवर बदलून पाठवतात. नागरिक निरीक्षक कार्यक्रम यासाठी विमानांचे उंचीमापक लावताना वापरतात तो दाब मागतो, कारण त्याच्या गणितात त्या क्षणीचे तापमान धरावे लागत नाही, केंद्राची उंची पुरते. ही उंची ८ मीटरने चुकली की प्रत्येक नोंद एका हेक्टोपास्कलने चुकते. दाब नीट मोजला की त्यातून निसर्गाची एक ठरलेली लयही दिसते. उष्ण कटिबंधात दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास दोन-तीन हेक्टोपास्कलने उतरलेला असतो. रात्रीही असाच एक चढउतार होतो. शांत हवेच्या दिवशी ही लय आलेखावर दिसली नाही तर संवेदक तपासायला हवा.

सर्व नोंदींत घरची दाबाची नोंद सर्वांत भरवशाची असते, कारण इमारती आणि झाडे तिला बिघडवत नाहीत. वाऱ्याची नोंद सर्वांत कच्ची, आणि तिचा वापरही सावधपणे होतो. पावसाची नोंद निगेवर अवलंबून असते. नरसाळ्यात वाळलेले पान अडकणे, कोळ्याने खोबणीवर जाळे विणणे, पक्ष्यांची विष्ठा साचणे, या सगळ्यांचा परिणाम एकच: पाऊस पडतो आणि केंद्र शून्य दाखवते. अतिजोराच्या पावसात खोबण कलंडत असताना थोडे पाणी वाया जाते, म्हणून मुसळधार सरींत हे उपकरण खऱ्यापेक्षा कमी पाऊस दाखवते. शेजारी साधा मोजपात्राचा पर्जन्यमापक ठेवून दोन्ही आकडे ताडणे हा त्यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय.

रेडिओचा फायदा आणि अडचण

आज घरोघर इंटरनेट असताना रेडिओचा खटाटोप कशाला, असे कोणीही विचारेल. उत्तर वादळाच्या दिवशी मिळते. ज्या दिवशी नोंदींची सर्वाधिक गरज असते, त्याच दिवशी वीज जाते, तारा तुटतात आणि मोबाइलचे मनोरे बंद पडतात. बॅटरी आणि लहान सौर पट्टीवर चालणारे रेडिओ केंद्र तेव्हाही बोलत राहते. डोंगरावरचा डिजिपीटर ते ऐकतो आणि वीज असलेल्या दूरच्या गावातला आयगेट ते इंटरनेटवर टाकतो. तोही बंद असेल तर परिसरातली हौशी मंडळी आपल्या संचावर ते थेट वाचू शकतात. अमेरिकेत वादळांची माहिती राष्ट्रीय हवामान सेवेला कळवणारी स्कायवॉर्न ही स्वयंसेवकांची योजना आहे, आणि तिच्यात हौशी रेडिओवाल्यांचा मोठा वाटा असतो. जेथे तारा गेलेल्याच नाहीत, अशा शेतावर किंवा डोंगरावर रेडिओ हाच सोपा मार्ग ठरतो.

अडचण वाहिनीच्या अपुरेपणाची आहे. एक संदेश साधारण एक सेकंद वाहिनी अडवतो. अलोहा जाळ्याच्या अभ्यासातून निघालेले गणित सांगते की कोणीही केव्हाही बोलू लागले, तर टक्करींमुळे वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी येतो. मिनिटाला अकराच्या आसपास संदेश, त्यापुढे गोंधळ. एपीआरएसची केंद्रे बोलण्याआधी ऐकतात, त्यामुळे परिस्थिती थोडी सुधारते. पण डोंगराच्या दोन बाजूंची केंद्रे एकमेकांना ऐकू शकत नाहीत आणि माथ्यावरच्या डिजिपीटरला दोघांचे एकदम ऐकू येते, ही गोची राहतेच. म्हणून हवामान केंद्राने दहा-पंधरा मिनिटांतून एकदा बोलावे हा शिष्टाचार आहे. इंटरनेटवरून पाठवणाऱ्यांनाही पाच मिनिटांपेक्षा घाई न करण्याची सूचना असते. युरोपात अलीकडे ४३३.७७५ मेगाहर्ट्झवर लोरा नावाच्या कमी शक्तीच्या पद्धतीने हेच संदेश पाठवले जातात, आणि त्यासाठी लागणारी यंत्रे स्वस्त व लहान असतात.

हौशी रेडिओचे दोन नियम येथे उपयोगी पडतात. संदेश गुप्त लिपीत पाठवायचा नाही आणि वाहिनी धंद्यासाठी वापरायची नाही. हवामानाच्या नोंदी उघड्याच असाव्या लागतात आणि त्या फुकट वाटायच्या असतात. मात्र संदेशात घराचे अक्षांश-रेखांश असतात. मिनिटाच्या शंभराव्या भागापर्यंत दिलेले स्थान १८-१९ मीटरपर्यंत अचूक असते. आपल्या घराचा ठिकाणा जगाला कळतो, हे निरीक्षकाने आधीच मान्य केलेले असावे.

भारतातली परिस्थिती

भारतात हौशी रेडिओचा परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागातील वायरलेस नियोजन व समन्वय शाखा देते. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून ती देता येते. भारतीय ओळखचिन्हे व्हीयू या अक्षरांनी सुरू होतात. दोन मीटर पट्ट्यातला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा भाग भारतीय हौशींना खुला आहे. परवाना नसलेल्यालाही नोंदणी करून इंटरनेटच्या वाटेने नागरिक निरीक्षक कार्यक्रमात नोंदी पाठवता येतात, कारण तो कार्यक्रम एका देशापुरता नाही.

सरकारी पातळीवर स्वयंचलित केंद्रे येथेही वाढली आहेत. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान विभागाची अनेक स्वयंचलित केंद्रे आपल्या नोंदी इन्सॅट उपग्रहामार्फत पाठवतात. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक केंद्रे उभारण्यात आली. पीकविमा आणि कृषिसल्ला हे त्यांचे मुख्य उपयोग. घरगुती केंद्रे या व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाहीत. दोन सरकारी केंद्रांमधल्या मोकळ्या जागा भरणे एवढेच त्यांचे काम, आणि मुंबईच्या अनुभवावरून ते किती मोलाचे आहे हे दिसते.

त्यासाठी एक अट मात्र पुरी व्हावी लागते. शेजाऱ्यांवरून पडताळणी करायची तर शेजारी असावे लागतात. शंभर किलोमीटरच्या परिसरात एकच घरगुती केंद्र असेल तर त्याची नोंद बरोबर की चूक हे कोणालाच सांगता येत नाही, मग उपकरण कितीही महागडे असो. उलट एकाच शहरातल्या पाच-सहा शाळांनी, महाविद्यालयांनी किंवा हौशी रेडिओवाल्यांनी साधी केंद्रे नीट बसवली आणि नरसाळी वेळच्या वेळी साफ ठेवली, तर ती एकमेकांच्या चुका दाखवू लागतात. नवे केंद्र उभारणाऱ्याने म्हणून उपकरण घेण्याआधी शेजारच्या गावात कोण पाऊस मोजते याची चौकशी करावी.